पोटातली वाटणी

आम्ही जुळी. मी आधी आले, भाऊ माझ्या मागून. मी दोन्ही मुठी आवळून, घर डोक्यावर घेत आले. तो तळहात उघडे टाकून, आवाज न करता आला. सुईणीने त्याला उलटा धरून चापट मारली तेव्हा कुठे तो रडला, तेही कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने. हे सगळं बघून सुईण आईला म्हणाली, "हिनं आतच सगली लूट केलान बाय. त्याच्या वाट्याला कायव ठेवलान नाय."

झालं. सुईणीने हातपाय धुतले, लुगडं आणि नारळ घेतला आणि ती आपल्या वाडीला गेली. तिचं वाक्य मात्र आमच्या घरी मुक्कामाला राहिलं.

माझा भाऊ कुत्र्याला भ्यायचा, शिडीला भ्यायचा, नव्या माणसाला भ्यायचा. दारात पाहुणा आला की तो मागच्या पडवीत, आणि मी पाहुण्याच्या पिशवीत काय आहे ते बघायला पुढे. पहिलीत एका पोराने त्याची पाटी हिसकावून घेतली, तर तो डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला आणि मी त्या पोराला त्याच पाटीने हाणलं. घरी आल्यावर मला वाटलं कौतुक होईल. घरात एकच उद्गार निघाला, "बघा, त्याचं हिच्याकडे गेलंय!"

म्हणजे धैर्य हा मुलग्याचा माल. तो पाठवणाऱ्याने मुलग्याच्याच नावावर पाठवला होता. मी तो वाटेत उतरवून घेतला. आणि माझ्या नावावर पाठवलेली शांतता, सोशिकपणा वगैरे त्याला जाऊन मिळाली. एसटीच्या पार्सलांत पेट्यांची अदलाबदल व्हावी तसा हा प्रकार, पण परत करायची सोय नाही. मला या आरोपाचा मनस्वी राग यायचा. राग आला की मी पाय आपटायचे, आणि मी पाय आपटले की आरोप सिद्ध व्हायचा.

भावाला मात्र राग यायचा नाही. त्याने यातून एक सोय काढली होती. त्याचं धैर्य माझ्याकडे आहे ना, मग लागेल तेव्हा मागून घ्यायचं. शाळेच्या वाटेवर एका घराच्या दगडी कुंपणावर, म्हणजे गडग्यावर, एक काळं कुत्रं बसायचं. त्या गडग्याच्या अलीकडे भाऊ थांबायचा आणि उजवा तळहात माझ्यापुढे करायचा. मी माझी मूठ त्यावर ठेवायची आणि उघडायची. तो लगेच बोटं मिटायचा.

"मिळालं?" मी विचारायचे.

"मिळालं," तो म्हणायचा, आणि मिटलेली मूठ छातीशी धरून कुत्र्यासमोरून जायचा. पाय लटपटायचे, ओठ पांढरे पडायचे, पण जायचा. तोंडी परीक्षेच्या आधी हेच, दात काढायला गेलो तेव्हा हेच, दसऱ्याला सगळ्यांच्या घरी सोनं द्यायला जाताना हेच. हे आमचं आम्हा दोघांतच होतं. आईला कळलं असतं तर ती हसली असती, आणि त्याला कुणी हसलेलं मला खपत नसे. मी हसायचे ते वेगळं.

हातखंब्याच्या अलीकडे वडिलांची आंब्याची बाग आणि कलमांची रोपवाटिका होती. पावसाळ्याच्या तोंडावर रायवळ आंब्याच्या कोयी रुजवायच्या, तांबूस पानांचा कोवळा कोंब वर आला की तो कापून मधोमध चिरायचा, आणि हापूसच्या झाडाची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. कोय रायवळाची, फळ हापूसचं. हे काम माझ्या भावाच्या हाताला असं यायचं की वडील स्वतःचं काम थांबवून बघत बसायचे. त्याने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. मी बांधलेलं सहसा जगत नसे, कारण पट्टी बांधून झाली की आत सगळं ठीक आहे ना हे बघायला मी ती सोडायचे. वडील म्हणाले, "तुझा हात झारीला बरा आहे." मग मी झारीने पाणी घालायचे आणि भाऊ कोंबांशी मांजराच्या पिल्लांशी बोलावं तसा हळू बोलत बसायचा.

वडील स्वतः थोडक्यात बोलणारे. बागेचे मालक असून ते झाडावर चढलेले मला आठवत नाहीत. त्यासाठी गडी होते, आणि वडिलांचा गुडघा दुखत असे. तो फक्त झाडाखाली दुखतो, घाटी चढताना दुखत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण वडिलांच्या गुडघ्याबद्दल कोण विचार करतो?

रोपवाटिकेच्या टोकाला चिऱ्यात खोदलेली मोठी विहीर होती. एका बाजूने आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि मे महिन्यातही तळाला दोन पुरुष पाणी. आमच्या कुळातल्या सगळ्या पोरांचं पोहणं तिथे झालं. कमरेला दोन सुके असोले नारळ बांधायचे आणि सोडायचं. नारळ सुटले की मुलग्यांची पुढची इयत्ता म्हणजे कठड्यावरून उडी. मुलींना ती इयत्ता नव्हती. मुली पायऱ्यांनी उतरायच्या, पोहायच्या, पायऱ्यांनी वर यायच्या. मुलगा एकदा कठड्यावरून उडी मारून वर आला की त्याला थोरांच्या पंगतीत पाट मिळायचा आणि आंब्यांच्या दिवसांत पुरुषांबरोबर मांगरात, बागेतल्या खोपटात, झोपायला जाता यायचं. दर मे महिन्यात मुंबईहून चुलतभाऊ यायचे. ते एकेक करून या परीक्षेत पास झाले होते, अगदी सगळ्यांत लहान, जो रात्री अजून अंथरूण ओलं करायचा, तोसुद्धा. राहिला होता फक्त माझा भाऊ. दर वर्षी तो कठड्यावर चढायचा, खाली बघायचा आणि उतरायचा. चुलतभावांनी त्याला 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली होती.

मी म्हणायचे, "मला सोडा, मी डोळे मिटून मारते उडी." मला कुणी सोडणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे हे मी फार जोरात म्हणायचे.

न सोडणाऱ्यांत पुढे असायची आत्या. वडिलांची थोरली बहीण, सावर्ड्याला दिलेली. मे महिना लागला की ती एसटीने यायची, आणि ती उतरायच्या आधी तिचा आवाज उतरायचा, कारण शेवटचा थांबा येईपर्यंत कंडक्टरशी तिचं काही ना काही चाललेलं असायचं. आत्याच्या नाकावर राग आणि पदराखाली आमच्यासाठी खाऊ. ती विहिरीच्या काठावर दगडावर बसून सगळ्या पोहण्यावर देखरेख करायची. "पोरी पायऱ्यांनी!" हा तिचा हुकूम पार हमरस्त्यापर्यंत जायचा. आणि भाऊ कठड्यावरून परत उतरला की सुस्कारा टाकून म्हणायची, "त्याचा काय दोष? हिनं लुटलंन सगळं."

आम्ही दहावीला होतो त्या वर्षी शाळेत विज्ञानाला नव्या बाई आल्या. कोल्हापूरकडच्या, चांगल्या उंच. त्या 'मी येतो', 'मी सांगतो' असं पुरुषासारखं बोलायच्या. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "हसा. आमच्याकडं सगळ्या बायका असंच बोलतात. हे रक्तात नसतंय, गावात असतंय." मला त्या तिथेच आवडल्या.

पुस्तकात आनुवंशिकतेचा एक धडा होता. आधीचे मास्तर तो 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून देत. बाईंनी सोडला नाही. मुलं एकीकडे, मुली दुसरीकडे, सगळे बाकावरच्या रेघा मोजत बसलेले, आणि बाई फळ्यावर खुशाल आई, बाप, बीज लिहितायत. आईकडून निम्मं येतं, बापाकडून निम्मं येतं, पण प्रत्येक पोराला तेच निम्मं मिळत नाही. पत्त्यांचा तोच जोड, पण पानं दर वेळी नव्याने पिसलेली.

मी हात वर केला. "बाई, जुळ्यांत एक जण दुसऱ्याचं घेऊ शकतो का?"

"काय घेऊ शकतो?"

"धैर्य."

वर्ग फुटला. पलीकडच्या रांगेत माझा भाऊ बाकाखाली पेन शोधायला वाकला तो वर आलाच नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मुलगा आणि मुलगी अशी जुळी असली की ती दोन वेगळ्या बीजांची. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, चुली वेगळ्या. कोण कुणाच्या चुलीवरचं पळवणार? तुमच्याकडं आंबे आहेत ना? एका रायवळाच्या दोन कोयी लावल्या तर?"

"दोन तऱ्हेचे आंबे निघतात."

"एकानं दुसऱ्याची गोडी चोरली म्हणून?"

"नाही. ज्याचं त्याचं."

"मग?"

मागच्या बाकावरून एका पोराने धीर करून विचारलं, "पण बाई, मुलगे धीट आणि मुली भित्र्या, हे तर असतंच की." बाईंनी दार उघडून शाळेच्या शिपायाला आत बोलावलं. शिपाई बुटका आणि चेष्टेखोर. बाईंनी त्याला शेजारी उभं केलं. तो त्यांच्या खांद्याला लागत होता.

"पुरुष बायकांपेक्षा उंच असतात. खरं का खोटं?"

"खरं," वर्ग म्हणाला.

"हे बघून सांगा."

"बाई, माझ्यावरनं शिकवतासा होय?" शिपाई बाईंच्याच ढंगात म्हणाला. "थांबा, टाचा वर करतो."

हशा ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "गावातले सगळे पुरुष आणि सगळ्या बायका रांगेत उभ्या केल्या, तर पुरुष थोडे उंच निघतील. पण समोर एकटं माणूस उभं असलं, तर त्या रांगेचं नाव घेऊन त्याची उंची सांगू नये. त्याला बघावं. स्वभावाचंही तसंच. थोडा कल असेल मुलग्यांचा एकीकडं, मुलींचा दुसरीकडं. थोडं रक्तातून येत असेल, थोडं घरातून. किती कुठून, ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. मलाही नाही."

मी त्या दिवशी शाळेतून उडत निघाले. निर्दोष! इतक्या वर्षांचा खटला एका तासात निकाली. एसटीच्या थांब्यावर मी भावाला गाठलं आणि म्हटलं, "ऐकलंस ना? मी तुझं काहीसुद्धा घेतलेलं नाही."

त्याने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडे माझं काहीच नाहीये?"

"काही नाही!"

"मग मी तुझ्याकडून घेत होतो ते काय होतं?"

एसटी आली, आम्ही चढलो. तो खिडकीपाशी बसला. मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, की जे मला आरोपासारखं टोचत होतं ते त्याला आधाराला होतं. त्याचं धैर्य हरवलेलं नव्हतं, बहिणीकडे ठेवलेलं होतं. आणि बाईंनी फळ्यावर लिहून दिलं, की ठेव नाहीच. त्याच्या चुलीवर जे शिजतंय ते त्याचंच.

दुसऱ्या दिवसापासून तो काळ्या कुत्र्याच्या गडग्यावरून जाईना. खालच्या पाणंदीने लांबचा वळसा घेऊन जाऊ लागला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "उगाच कशाला?" बोर्डाच्या परीक्षेला सकाळी त्याने ताट तसंच बाजूला सारलं, पण तळहात पुढे केला नाही. या वर्षी मे महिन्यात उडी मारायचीच, असं तो दिवाळीपासून मला सांगत होता. मी कठड्यापाशी त्याला माझं सगळं ओतून द्यायचं, अगदी तळापर्यंत, असं आमचं ठरलेलं होतं. आता तो विषयच काढेना. माझ्या जिवाला चैन पडेना. निर्दोष सुटण्यात एवढं दुःख असेल असं मला वाटलं नव्हतं.

परीक्षा संपल्यावर मी बाईंच्या खोलीवर गेले. त्या गावाला निघायच्या तयारीत होत्या, ट्रंक उघडी होती. मी त्यांना सगळं सांगितलं. कुत्रं, मूठ, विहीर, 'वहिनी'. सांगता सांगता मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. म्हटलं, "तुम्ही त्याचं काढून घेतलंत. आता कुठून आणायचं ते सांगा."

बाई ट्रंकेच्या कडेवर बसल्या. "तू मूठ उघडलीस की तो कुत्र्यासमोरून जायचा?"

"जायचा. लटपटत."

"पाय कुणाचे होते?"

"त्याचेच."

"मग तुझ्या मुठीत काही असो की नसो, गेला तो त्याच्याच पायांनी ना? भित्रेपणा असंल त्याच्या रक्तात. न भिणारा माणूस कुत्र्यासमोरून गेला तर त्यात काय झालं? हा भिऊन गेला. हे मी शिकवायला विसरलो बघ."

हे मी घरी येऊन भावाला जसंच्या तसं सांगितलं, 'विसरलो'सकट. तो कलमांच्या पट्ट्या कापत होता. ऐकून म्हणाला, "बाईंना बोलायला काय जातंय. त्यांना कुठं आमच्या विहिरीत उडी मारायची आहे." पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाताना वरच्या वाटेने, गडग्यावरून गेला. मी लांबून बघितलं. कुत्रं झोपलेलं होतं हा भाग वेगळा.

मे महिना लागला. मुंबईचे चुलतभाऊ आले, आत्या आली. ज्या सकाळी गडी आंब्याच्या पेट्या ट्रकवर चढवून मोकळे झाले, त्या सकाळी सगळे विहिरीवर जमलो. वडील नेहमीप्रमाणे आमच्या आधीच पाण्यात होते. ही त्यांची दर वर्षीची रीत. आम्ही यायच्या आधी उतरायचं, रहाटाचा दोर एका हाताने धरून तरंगत राहायचं, आणि वरून उडी मारून येईल त्या पोराला दंडाला धरून पायरीला लावायचं. वरून कितीही भीती वाटली तरी खाली वडिलांचं डोकं दिसायचं आणि त्यांचा शांत आवाज यायचा, "ये. मी आहे खाली." त्या आवाजावर कुळातल्या सगळ्या पोरांनी उड्या मारल्या होत्या.

चुलतभावांच्या उड्या झाल्या. मी पायऱ्यांनी उतरून, पोहून, पायऱ्यांनी वर आले. मग भाऊ कठड्यावर चढला. त्याने खाली बघितलं. त्याचे गुडघे मला मागून दिसत होते आणि ते काय म्हणताहेत तेही कळत होतं. मी मूठ पुढे करणार होते, पण त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"ये," वडील खालून म्हणाले. "मी आहे खाली."

भाऊ उभाच राहिला. मग एक पाय मागे आला.

"उतरा वहिनी!" थोरला चुलतभाऊ म्हणाला, आणि बाकीचे हसले. "आख्ख्या घराण्यात असा कुणी झाला नाही. हा कुणावर गेलाय कुणास ठाऊक."

आत्या दगडावरून उठली. इतकी वर्षं भावावर सुस्कारे टाकायचा हक्क तिचा एकटीचा होता. दुसऱ्याने त्याला हसलेलं तिलाही खपत नसे, हे मला त्या क्षणी कळलं. तिचा चेहरा लाल झाला.

"कुणावर गेलाय? सांगू कुणावर गेलाय?"

"अक्का, नको," विहिरीतून वडिलांचा आवाज आला. विहिरीने तो दोनदा म्हणून दाखवला.

"नको काय? पोराला वहिनी म्हणतायत हे मेले!" आत्या कठड्यावर हात ठेवून खाली ओरडली. "अरे, तुमच्या काकानं तरी कधी मारलीन उडी? जन्मात नाही मारलीन! कठड्यावर चढला की पांढराफटक पडायचा. आमचे अण्णा, तुमचे आजोबा, काठी घेऊन मागे लागले तर फणसाच्या झाडामागे लपून बसलान दिवसभर. म्हणून तर पहाटेचा उतरतोय पायऱ्यांनी, तुम्ही बघायच्या आत!"

आम्ही सगळे कठड्यावरून खाली वाकलो. वडील दोर धरून तरंगत होते, चष्म्याशिवाय, डोक्यावरचे थोडके केस कपाळाला चिकटलेले. आम्हाला सगळ्यांना झेलणारा माणूस.

"खरंय," ते म्हणाले. "मला उंची सोसत नाही."

झाडाखाली दुखणारा गुडघा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ हसू आलं. पण माझ्या आधी भाऊ हसला. कठड्यावर उभ्या उभ्या तो असा हसला, की मला वाटलं आता पडतोच. आपली कोय कुठल्या झाडाची, ते त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं होतं, आणि ते चांगलं झाड होतं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही वर येता?"

वडिलांनी वर बघितलं. मग दोर सोडला, पायरीला लागले आणि पाणी निथळत एकेक पायरी वर येऊ लागले. वर आल्यावर त्यांनी पंचा घट्ट केला आणि कठड्यावर चढले. खाली बघितलं आणि पांढरेफटक पडले, अगदी आत्या म्हणाली तसे. त्यांचे गुडघे आणि भावाचे गुडघे शेजारी शेजारी, एकाच तालावर हलत होते. भावाने तळहात त्यांच्यापुढे केला.

"मूठ ठेवा," तो म्हणाला. "आता उघडा."

वडिलांना काही कळलं नाही, पण त्यांनी ठेवली आणि उघडली. भावाने बोटं मिटली, वडिलांचा हातच त्यात मिटला गेला. त्या हातात द्यायला काही नव्हतं हे भावाला ठाऊक होतं. पुढच्या क्षणी कठडा रिकामा होता. खाली एवढं पाणी उडालं की काठावरची आत्या भिजली.

ते वर आले ते ओरडतच. वडील ओरडतात हे मला ठाऊक नव्हतं. पंचा एकीकडे तरंगत होता, वडील त्याच्यामागे, चुलतभाऊ वर टाळ्या पिटत होते, आणि माझा भाऊ पाण्यावर हात आपटत होता. त्याला पाट मिळाला होता, मांगर मिळाला होता. मला इतका आनंद झाला की मी कठड्यावर बुक्क्या मारत होते.

तेवढ्यात त्याने वर बघितलं. "आता तू ये."

"पोरी पायऱ्यांनी," आत्या म्हणाली, पण सवयीने. तिचा आवाज हमरस्त्यापर्यंत गेला नाही.

"आत्या, राहू दे ना," भाऊ खालून म्हणाला. "मी आहे खाली."

आत्या माझ्याकडे वळली. तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. तशाच मुठी माझ्याही होत्या. ती हळूच म्हणाली, "मी मारली होती. नऊ वर्षांची होत्ये. तुझ्या बाबाला भिताना बघून मला राग आला आणि मारली. वर आल्यावर अण्णांनी असं चोपलंन, की पुन्हा कठड्याला हात लावला नाही." आणि मग एकदम नेहमीच्या आवाजात, "बांगड्या काढ गो. फुटतील."

मी बांगड्या काढून तिच्या हातात दिल्या आणि कठड्यावर चढले. सगळ्यांना वाटलं ही चढताक्षणी उडी टाकणार. मलाही तसंच वाटलं होतं. मी खाली बघितलं. पाणी परातीएवढं दिसत होतं, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मधे चिऱ्याच्या काळ्या भिंती. माझा एक पाय आपोआप मागे आला. ही गोष्ट माझ्या ओळखीची नव्हती. इतकी वर्षं जिला कुणी कठड्यावर चढूच दिलं नव्हतं, तिची छाती किती मोठी आहे हे कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. घाबरणं माझ्याही वाट्याला आलेलं होतं. मी उभी राहिले. वर कुणी हसलं नाही.

खाली भावाला कळलं. त्यालाच कळणार होतं. त्याने दोर डाव्या हातात धरला आणि उजवा हात पाण्याबाहेर काढून वर केला, तळहात उघडा.

"मूठ उघड," तो म्हणाला.

मी उघडली.

"मिळालं?"

"मिळालं," मी म्हटलं, आणि उडी मारली.